तवा उलटा करायचा नाही

गंज मी लहानपणापासून ओळखते. आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. तिथे दाराला नवी कडी बसवली तरी वर्षभरात तिला तांबडी लव फुटते. बाबांच्या होडीचा नांगर खरवडून काढणं हे माझं काम होतं, आणि सातवीत शाळा सुटून मी काजूच्या कारखान्यात बसायला लागले तरी ते माझ्याकडेच राहिलं. गंज म्हणजे ओल, मीठ आणि वारा, एवढं मला शाळेच्या बाहेर कळलं. त्यामुळे लग्न होऊन परभणीला आले तेव्हा वाटलं, एक बरं आहे, इथे लोखंड तरी सुखी असेल. उन्हाळ्यात इथली हवा अशी कोरडी की दोरीवर दुसरी साडी टाकेपर्यंत पहिली वाळलेली असते.

नवरा बोअरवेलच्या गाडीवर आहे. आज हिंगोली, उद्या नांदेड, परवा कुठे ते त्यालाही माहीत नसतं. महिन्यातले वीस दिवस मी एकटी. माहेर इतकं लांब की पोचायलाच दोन दिवस जातात. इथे मला कोणी होतं तर ती घरमालकीण. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, मीही तेच म्हणू लागले. पहिल्या उन्हाळ्यात मला ऊन लागून ताप भरला, शुद्ध राहिली नाही, तेव्हा या बाईनं मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पुढे तीन दिवस उशाशी बसून तळपायांना कांद्याचा रस चोळला. बरी झाल्यावर मी रडत रडत काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाली, “भातखाऊ हाईस म्हून पडलीस. भाकर खात जा.” आणि मला ज्वारीची भाकरी शिकवायला घेतली. माझी पहिली भाकरी तिनं शेजारणीला बोलावून दाखवली, म्हणाली, ही बघा, भारताचा नकाशा, खाली लंका बी हाय.

तिचे उपकार मी विसरत नाही. आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मला सतत धास्ती असते. मला कुणी चांगलं वागवलं की पहिला विचार येतो तो हा, की हे आपल्या हातून बिघडणार कधी. गॅसचं बटण मी तीनदा बघते. दाराची कडी लावून परत येऊन बघते. स्वभावच तसा.

जुनी बिडाची भांडी पुन्हा वापरात आणायचं माझं काम सुरू झालं ते घावनामुळे. आमच्याकडे घावन बिडाच्या तव्यावर करतात. बीड म्हणजे ओतलेलं लोखंड. जड असतं, वाकत नाही, पडलं तर सरळ फुटतं. इथे मला घावन खायची फार आठवण यायची, आणि एका भंगारवाल्याच्या गाड्यावर गंजून लाल झालेला बिडाचा तवा दिसला. तो मी मागितला तर त्यानं विचारलं, बाई, याचं काय करता, म्हशीला पाणी पाजता का. मी तो दोन रात्री आंबट ताकात बुडवून ठेवला, काथ्यानं आणि विटकरीच्या चुऱ्यानं घासला, विस्तवावर सुकवला आणि जवसाचं तेल पाजलं. तेल पाजायचं म्हणजे लावायचं आणि पुन्हा सगळं पुसून काढायचं, जणू लावलंच नव्हतं. मग धूर थांबेपर्यंत तापवायचं, थंड करायचं, पुन्हा लावायचं. सहा-सात वेळा केलं की बीड काळं, गुळगुळीत होतं आणि त्याला काही चिकटत नाही. यात एक गोष्ट महत्त्वाची. तापवताना तवा पालथा ठेवायचा, तोंड विस्तवाकडे. नाहीतर जास्तीचं तेल मधल्या खोलगट भागात उतरतं आणि तिथे पाकासारखं चिकट होऊन बसतं. हे मला कुणी सांगितलं नाही, दोन तवे बिघडवून कळलं.

तो तवा गल्लीनं बघितला आणि एकेकीच्या माळ्यावरून कढया, तवे, अप्पेपात्रं खाली यायला लागली. अक्कानं मला मागची पडवी दिली, तीन दगडांची चूल मांडून दिली. ती स्वतः मात्र माझ्या कामाकडे लांबून बघायची. दोन वर्षं नुसती बघत होती. मग गेल्या उन्हाळ्यात, अखितीला आठ-नऊ दिवस असताना, तिनं मला शिडी धरायला बोलावलं आणि माळ्यावर चढली.

अखिती म्हणजे अक्षय तृतीया. इथे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरून ठेवतात, म्हणजे त्याला पलीकडे पाणी मिळतं. अक्काच्या घरात दर वर्षी तिचा दीर येऊन घागर भरतो, तिच्या नवऱ्याची. आणि दर वर्षी अक्का त्याच्याशी भांडते. भांडण सगळ्या गल्लीला पाठ आहे. ती म्हणते, जित्या माणसाची घागर भरू नका. तो म्हणतो, वैनी, पितरं ताटकळत ठेवू नाहीत. शेवटी ती अंगणात पाठ करून उभी राहते आणि तो आत घागर भरून निघून जातो.

माळ्यावर गवऱ्यांच्या आणि जुन्या पोत्यांच्या मागे एक तवा पालथा पडलेला होता. अक्कानं तो आहे तसाच, पालथाच, छातीशी धरून खाली आणला. अंगणात मधोमध उभी राहिली. मग तिनं तो दोन्ही हातांनी सुलटा केला आणि माझ्या हातात दिला. बीड हाताला थंड लागतं हे मला माहीत होतं. पण बाहेर रखरखीत ऊन होतं आणि माळ्यावर पत्र्याखाली भट्टी, आणि तो तवा माझ्या हातांना माठासारखा लागला.

तेव्हा तिनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिचे मालक एका सकाळी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जाऊन येतो म्हणून गेले आणि परत आले नाहीत. दोन वर्षं शोधलं. मग सासरच्यांनी ठरवलं की आता क्रियाकर्म उरकून टाकावं, घरात दुसरी कार्यं अडलीत. गव्हाच्या पिठाचा माणूस केला. कणीक अक्काच्याच डब्यातली होती. जावेनं मळली. त्याला हात, पाय, नाक काढलं, आणि ओळख म्हणून मालकांच्या सदऱ्याचं एक बटण छातीवर दाबून बसवलं. गोदावरीच्या काठी नेऊन त्याला अग्नी दिला. अक्का म्हणाली, कणीक जळताना भाकरीसारखाच वास येतो, हे कुणाला ठाऊक नसतं.

यांच्या घरात माणूस गेला की चुलीवरचा तवा पालथा करतात. तेराव्याला तो सुलटा करायचा आणि विधवेनं कपाळ पुसून त्यावर पहिली भाकरी टाकायची, अशी रीत. अक्कानं कपाळ पुसलं नाही. सासूनं तवा सुलटा करायला हात घातला तो हात तिनं धरला. “मी पुसल्या कपाळानं त्याच्यावर भाकर करणार न्हाई” म्हणाली, आणि पालथा तवा पालथाच उचलून माळ्यावर ठेवला. त्याला चौदा वर्षं झाली.

“मग आता कामून काढला अक्का?” मी विचारलं. इतकी वर्षं राहून माझ्या तोंडी इथले शब्द येतात.

“आता तू हाईस म्हून,” ती म्हणाली. “अखितीच्या सकाळी मी कुकू लावून या तव्यावर भाकर करणार. भाऊजींनी डोळ्यांनी बघावी. ज्या माणसाच्या तव्यावर भाकर होती, त्याची घागर भरता येत न्हाई. एवढं करून दे मला.”

मी मान हलवली. मग तिनं माझा हात धरला. “एक हाय. आता याला उलटा करायचा न्हाई. एकदा बी न्हाई. घासताना न्हाई, वाळवताना न्हाई.”

मी लगेच हो म्हणाले. विचार करायच्या आधीच म्हणाले. तिनं मागितलेलं पहिलंच काम, मी नाही कशी म्हणणार.

तवा चुलीजवळ नेऊन बघितला. चौदा वर्षं तोंड खाली करून पडलेला, त्यामुळे कडेला गंजाची जाड खपली होती. पण मधोमध, साधारण भाकरीएवढ्या जागेत, गंज नव्हता. तिथे काळं, तुकतुकीत होतं. बोट फिरवलं तर जरा ओशट लागलं. वास घेतला आणि मी मागे सरकले. भाजलेल्या ज्वारीचा वास येत होता. शिळा नाही. आत्ता कुणीतरी भाकरी उतरवून गेल्यासारखा.

जुनं तेल मुरलेलं असलं की बीड वास धरून ठेवतं, हे मी कितीतरी बायकांना समजावून सांगितलेलं आहे. स्वतःलाही सांगितलं.

पहिल्या दिवशी मी ताक तव्यातच ओतलं, कारण बुडवायचा तर पालथा करावा लागेल अशी भीती. मागची काजळी काढायला तवा भिंतीला उभा टेकवला आणि स्वतः कलंडून घासलं, मान अवघडली. दुसऱ्या दिवशी बीड राखाडी, नागडं दिसायला लागलं. अशा बिडाला ओल लागली की बघता बघता केशरी होतं, म्हणून लगेच चुलीवर सुकवलं आणि तेल पुसलं. तवा सुलटाच ठेवून तापवला. आणि झालं तेच, जे होणार होतं. तेल मध्ये उतरलं आणि घट्ट, पिवळट, चिकट डाग बसला. पुन्हा घासलं. पुन्हा तेल, आणखी कमी. पुन्हा डाग.

पण मला त्या डागाचं एवढं वाटलं नाही. मला भ्यायला झालं ते चौथ्या दिवशी. दुपारी जेवून मी पडवीत आले तर घासून ठेवलेल्या तव्यावर पंजा उमटला होता. गंजाचा. पाच बोटं, तळवा, मनगटाची सुरुवात, तांबूस आणि स्पष्ट. मी माझा हात त्यावर न टेकवता वर धरून बघितला. तो पंजा माझ्यापेक्षा मोठा होता.

मी काथ्या घेतला. घासून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत होता, त्याच जागी, तशीच बोटं पसरलेली. परभणीची मे महिन्यातली दुपार ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही. बारा ते चार गल्लीत माणूस नसतो, कुत्रं नसतं. सगळी दारं बंद, आत कूलर घरघरतात. पांढरं ऊन भिंतींवर नुसतं उभं असतं. अशा वेळी घरात फक्त मी आणि अक्का, आणि पडवीत तो हात.

पंजा दिसल्याच्या तिसऱ्या दिवशी मी जेवलेच नाही. माझ्या खोलीचं दार किलकिलं ठेवून बसले. सव्वाबाराच्या सुमाराला अक्का अनवाणी आली. तापलेल्या फरशीवर पाय भाजत असणार, पण ती सावकाश चालत होती. चुलीपाशी बसली, पदर सावरला आणि उजवा तळवा तव्यावर टेकवून डोळे मिटले. इतका वेळ की मला वाटलं, बसल्या जागी गेली की काय. उठताना तिनं मला बघितलं. लाजली नाही, दचकली नाही.

“गरम हाय,” ती म्हणाली.

तेव्हा मला तिच्या हातांचा आकार पहिल्यांदा दिसला. शेतात आयुष्य काढलेले हात, माझ्या बाबांच्यासारखे रुंद. घामातलं मीठ नागड्या बिडाला लागलं की गंज यायला वेळ लागत नाही. पंजाचं कोडं सुटलं, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. कारण तिनं मग सांगितलं की माळ्यावर असतानाही ती अधूनमधून शिडी चढून तव्याच्या पाठीवर हात ठेवून यायची. गरम लागला की मालक आहेत. “थंडीत लय वंगाळ जातं बग,” म्हणाली. “दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी जातच न्हाई वर.”

मला आठवलं, ज्या दुपारी तिनं तवा माझ्या हातात दिला त्या दुपारी तो थंड होता. तिच्या हातांना तो तसा लागला होता का, हे मी विचारलं नाही.

शनिवारी अक्का पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली. सकाळीच निघाली, संध्याकाळपर्यंत येणार होती. अखितीला तीन दिवस उरले होते आणि तवा अजून चिकट होता. अशा तव्यावर भाकरी टाकली असती तर पापुद्रा खाली आणि भाकरी वर. दिराच्या समोर, चौदा वर्षांचं भांडण जिंकायला बसलेल्या बाईची भाकरी फाटली असती. मी तास-दीड तास नुसती तव्याकडे बघत बसले. शेवटी असं ठरवलं की तिचा शब्द पाळून तिचं काम बिघडवण्यापेक्षा शब्द मोडून काम करावं. ती नाहीये. तिला कळणार नाही. एकदाच.

चूल पेटवली. तेल लावलं, पुसलं. दोन्ही हातांत फडकी घेऊन तवा उचलला तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. खांद्याला फोन लावून मी बोलले, हातात काम आहे म्हणाले, नंतर कर. फोन बंद झाला आणि मी तवा पालथा केला.

धूर निळा, बारीक, सरळ वर जायला लागला. वारा अजिबात नव्हता. मागच्या बाजूला जी काजळी माझ्या घासणीतून सुटली होती तिच्यात ठिणग्या धावायला लागल्या, एक इथे, एक तिथे, रांगेनं. तवा हसतो म्हणतात त्याला. तवा हसला की घरी माणूस येतो असं आमच्याकडे म्हणायचे, पण ते हसणं तव्याच्या पोटाशी, विस्तवावर असतं. हे वरून, माझ्यासमोर, भर उन्हात चाललं होतं. मी बघत राहिले. एकदा तेल, दोनदा, तीनदा, दर वेळी पालथा. बीड काळं होत गेलं, एकसारखं, डाग नाही. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी कुणीतरी माझ्याकडे बघतंय असंही वाटलं.

मागच्या दारात अक्काचे दीर उभे होते.

त्यांना मी ओळखत होते, अखितीला बघितलेलं होतं. साठीचे असतील. हातात पिशवी, स्टेशनला निघाल्यासारखे. ते माझ्याकडे बघत नव्हते. चुलीवरच्या पालथ्या तव्याकडे बघत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि उंबऱ्यातच खाली बसले.

“म्हंजे कळलं वैनीला,” ते म्हणाले. “कुणी केला फोन?”

मी म्हणाले, “फोन नाही आला कुणाचा.”

“मग तवा?”

मी तेल पाजायचं, चिकट डागाचं काहीतरी सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळत होतं. पण अर्धं बाहेर आलेलं आत कसं घेणार. त्यांनी तोंडावरून टोपी फिरवली आणि मला सांगितलं, मी परकी होते म्हणूनच बहुतेक.

भाऊ मेला नव्हता. जळगावकडच्या एका गावात होता, तिथे संसार केला होता, दोन मुलं होती. हे यांना पिठाचा माणूस जाळल्यावर सहा वर्षांनी कळलं, बाजारात समोरासमोर गाठ पडून. भावानं पाय धरले, घरी सांगू नकोस म्हणाला. आणि यांनी सांगितलं नाही. तोवर शेत यांच्या एकट्याच्या नावावर झालेलं होतं, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. मग दर अखितीला येऊन जिवंत भावाची घागर भरत राहिले, कारण एखाद्या वर्षी भरली नाही तर वैनी विचारेल, का नाही भरली.

“आता खरंच गेला,” ते म्हणाले. “आजच. साडेबाराच्या आसपास. मी तिकडंच निघालोय. वैनीला सांगावं म्हून आलो, तर हे.”

पण अक्का घरात नाही हे कळल्यावर त्यांचा धीर सुटला असावा, त्यांनी हात जोडले. सांगू नका म्हणाले. तिच्या मनात तो जिता आहे, तसाच राहू द्या. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होते. ते गेल्यावर मी फोन काढून बघितला. नवऱ्याचा कॉल बारा वाजून एकवीस मिनिटांनी आला होता आणि दीड मिनिट चालला होता. मी तव्याकडे गेले, तो सुलटा केला, आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. माणूस तव्यानं मरत नाही. हे मला कळतं. तो कॉल मी अजून फोनमधून काढलेला नाही, हेही खरं आहे.

अक्का संध्याकाळी आली ती थेट पडवीत. तव्यावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, पुन्हा फिरवलं. आरशासारखा झाला होता. प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा तिनं माझ्या तोंडात घातला. “एकदा बी उलटा केला न्हाईस ना?” मी तोंडात खोबरं असताना मान हलवली. नाही म्हणून. आज इथे पहिल्यांदा खरं लिहितेय.

पुढचे दोन दिवस मी तिच्यासमोर कमी आले. दुपारी ती पडवीत हात टेकायला जाते का, हे बघायला नको म्हणून बाजारात जाऊन बसायचे.

अखितीच्या सकाळी अक्कानं नवं लुगडं नेसलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चूल अंगणात मांडली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, आणि शेजारच्या दोघीतिघी काहीतरी निमित्त काढून दारात उभ्या होत्या. दरवर्षीचं भांडण बघायची त्यांना सवय होती. अक्काही तयारीत होती. काल तिनं मला सगळं म्हणून दाखवलं होतं, तो काय म्हणेल, मग मी काय म्हणेन, मग तो काय म्हणेल.

दीर आले. प्रवासाचे कपडे तसेच. दर वर्षी बाजारातून लाल घागर घेऊन यायचे, यंदा हात मोकळे होते. उंबऱ्याच्या बाहेरच बसले. मी पाणी दिलं तर तांब्या हातात घेतला नाही, खाली ठेवा म्हणाले. त्यांना सुतक होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

अक्कानं भाकरी थापली. तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. भाकरी अशी सुटली की मी आयुष्यात बघितली नाही, नुसतं हलवलं तर फिरली. अक्कानं हनुवटी वर केली.

“भाऊजी, यंदा घागर भरायची न्हाई.”

“बरं,” ते म्हणाले.

दारातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्का तशीच बसली होती, हात पिठाचे. भाकरी फुगली, मग तिच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. अक्कानं ती उलटली नाही.

“भांडत कामून न्हाईत?” तिनं विचारलं.

“तुमी म्हणालात तर न्हाई भरायची, वैनी.”

“चौदा वर्षं मी हेच म्हणायले.”

त्यांनी टोपी काढून तिची घडी घातली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच, आणि मी जमिनीकडे. अक्कानं ते दोन्ही बघितलं. दारातल्या बायकांना तिनं हातानंच जा म्हणून सांगितलं आणि त्या गेल्या.

“कवा?” ती म्हणाली.

“शनवारी. दुपारी.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. जळगावकडचं गाव, दोन मुलं, बाजारातली गाठ, शेत. हळू आवाजात, मध्ये थांबत. अक्का रडली नाही, ओरडली नाही. मधेच तिनं मुलांची वयं विचारली. भाकरी करपून धूर यायला लागला होता, आणि तिला तो वास येतच नसल्यासारखी ती बसली होती.

“तिकडं अखितीला घागर भरतेत का?” तिनं विचारलं.

“भरतेत तर. तिकडं लय मोठा सण हाय.”

“माझी भरतेत का?”

मला प्रश्न कळला नाही. दिरांना कळला. त्यांची बोटं टोपीच्या घडीवर थांबली. तेव्हा मला कळलं की भाऊ तिथे गेला तेव्हा त्यानं आपल्या आधीच्या संसाराबद्दल काहीतरी सांगितलं असणार, आणि काय सांगितलं असणार.

“पैली बायको वारली म्हून सांगितलं होतं त्यानं,” ते म्हणाले. “भरतेत, वैनी. दरसाली. आज सकाळी बी भरली आसंल.”

अक्कानं करपलेली भाकरी उघड्या हातानं तव्यावरून काढून बाजूला ठेवली. उठली. माझ्याकडे हात पुढे केला आणि पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. तिनं उभ्यानंच तो तोंडाला लावला आणि मधे श्वास न घेता सगळा संपवला, पाणी हनुवटीवरून नव्या लुगड्यावर सांडत होतं. मग रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला. मी आत जाऊन पुन्हा भरून आणला, आणि तोही ती प्याली.